अठरा कमी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बाबांचं नाव
हजेरीपटावर होतं, आणि पुढं फुप्फुसाच्या एक्स-रेवर.
तिसरीकडं कुठं छापून येईल
असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.
म्हणून विद्यापीठाच्या यादीत
'सनदी करुणा परशराम, धातुशास्त्र' दिसल्यावर
आईनं कागद उलटा करून बघितला,
मागं आणखी काही लिहिलंय का म्हणून.

मागं काही नव्हतं.
जे लिहिलेलं नसतं ते कुठं ठेवलेलं असतं
हे कळायला मला अकरा महिने लागले.

अकरा महिने माझे नमुने तुटत होते.
तीनशे साठ अंशांवर दोन तास मुरवलेलं ओतीव लोखंड,
पुस्तकात सांगितलेल्या ताणाच्या कितीतरी आधी
कट्.
मी वजनं तपासली, मिश्रण तपासलं,
मग स्वतःला तपासायला घेतलं.
राखीव जागेवरनं आलेला हात असाच चुकतो काय,
हे कुणी विचारायच्या आत
मीच विचारून ठेवलं होतं.

फेलोशिप सात महिने बेंगळुरात अडकलेली.
मेसच्या वहीत माझं पान भरून
उधारी रुक्साना नदाफच्या पानावर गेलेली,
तिनं खोडली नाही, वर चुकती केली.
ऑफिसात अर्ज कन्नडात, प्रबंध इंग्रजीत,
रडणं तेवढं मराठीत,
तेही दबक्या आवाजात. हॉस्टेलच्या भिंती पातळ.

एका सोमवारी, वीज गेली तेव्हा,
इराप्पा मादर, सव्वीस वर्षं त्या भट्टीची राख काढणारा,
झाडू भिंतीला टेकवून म्हणाला,
"हदिनेंट कम्मी इडव्वा."
अठरा कमी लाव, बाई.
काटा खोटं बोलतोय. साठ दावतो तेव्हा
आत अठ्ठ्याहत्तर असतंय.
सगळ्यांना म्हाईत हाय की!

सगळ्यांना.

कुणी लपवलं नव्हतं. चार वाजता
चहाच्या टेबलावर ते कधीतरी बोलून झालं होतं,
जसं पावसाचं बोलून होतं, क्रिकेटचं बोलून होतं.
आणि मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
मी चहा पीत नाही.
(महिन्याची वर्गणी दोनशे रुपये.)

अठरा विश्वं दारिद्र्य आमच्या ओळखीचं;
हे अठरा अंश मात्र नव्हते.

त्या रात्री तीनशे बेचाळीस लावले.
पुढच्या गुरुवारी नमुना यंत्रात
ताणत गेला, ताणत गेला,
मी पडद्यावरची रेघ बघायचं सोडून
इराप्पाकडं बघत राहिले. तो तंबाखू मळत होता.

प्रबंधात संदर्भ क्रमांक एकशे चौदा :
इ. बा. मादर, व्यक्तिगत संवाद.
पट्टणशेट्टी सरांनी त्या ओळीवर पेन थांबवलं.
मला वाटलं, खोडणार.
"बा नाही, भी. बापाचं नाव भीमाप्पा,"
म्हणाले, आणि दुरुस्त केलं.
मग चष्मा पुसत, मला सांगायचं राहूनच गेलं.
खरंच राहून गेलं असणार.
माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर राहिलं असतं का,
हे मी विचारलं नाही. त्यांनीही टाळलं नाही,
खिडकीतनं मच्छेच्या माळाकडं बघत बसले.

आता भट्टीवर एक कागद चिकटवलाय,
तीन भाषांत : अठरा कमी.
खाली वेगवेगळ्या शाईंत भर पडत गेलीय.
शिष्यवृत्तीचा फॉर्म मंगळवारी द्या, बुधवारी कारकून बदलतो.
तिसऱ्या नंबरच्या सूक्ष्मदर्शकाची काच ओरखडलेली आहे.
घरी सांगायचं नसेल तर पंधरा नंबरला या.

काल दारात गोकाककडची एक मुलगी उभी होती,
आरती तळवार, हातात फाइल, पाय उंबऱ्याबाहेर.
चार वाजले होते.
"मी चहा पीत नाही, मॅडम," ती आधीच म्हणाली.

नको पिऊ, म्हटलं.
बस.